अवघड जागेचे दुखणे



'अवघड जागी दुखणे आणि जावई वैद्य' ही म्हण आपल्याकडे घरोघर ठाऊक आहे. ती ऐकून आपण हसतो. पण जांघेत किंवा लघवीच्या जागेजवळ स्वतःच्याच हाताला एखादी पुळी, एखादी गाठ लागते, तेव्हा हसू येत नाही. आंघोळीला बसले की हात तिथेच जातो. रात्री झोप उडते. हे कुठून आले? गुप्तरोग तर नसेल? कॅन्सर तर नसेल? घरात कळले तर काय म्हणतील? मन नुसते कुरतडत राहते आणि तोंडातून शब्द फुटत नाही.

बैलाचा खांदा सुजला किंवा गाईच्या सडावर फोड आला, तर आपण त्याच दिवशी जनावरांच्या डॉक्टरला निरोप धाडतो. स्वतःचे दुखणे मात्र सहा-सहा महिने धोतरात, लुगड्यात झाकून ठेवतो. या झाकण्यानेच साधे दुखणे अवघड होऊन बसते. म्हणून आज या विषयावर सरळ बोलू. हा मजकूर घरात सर्वांनी वाचावा. वयात आलेल्या मुलामुलींपासून तो लपवू नये.

झाकण्याची सवय किती खोल आहे ते पाहा. डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी केली. तिचे निष्कर्ष १९८९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. शंभरातील ९२ स्त्रियांना त्या भागाचे काही ना काही दुखणे होते, आणि त्याआधी कधी तशी तपासणी करून घेतलेल्या स्त्रिया शंभरात फक्त ८ निघाल्या. पुरुषांची तऱ्हा फार वेगळी नाही. फरक इतकाच की गडीमाणूस मुकाट्याने औषधाच्या दुकानात जातो आणि खालच्या आवाजात ट्यूब मागतो. त्या ट्यूबची कथा पुढे येईलच.

प्रत्येक उंचवटा हा रोग नव्हे

आधी थोडा दिलासा. त्या जागेची कातडी मुळातच सपाट नसते. वयात आल्यावर अनेक मुलांना लिंगाच्या बोंडाच्या कडेने बारीक, एकसारखे, रांगेत बसलेले दाणे दिसू लागतात. तसेच मऊ बारीक दाणे कित्येक स्त्रियांना योनीच्या आतल्या ओठांवर असतात. ही शरीराची ठेवण आहे. तो रोग नव्हे, आणि तो कोणाकडून लागलेलाही नसतो. टाचणीच्या डोक्याएवढे पिवळट ठिपके दिसतात ते तेलग्रंथींचे. वृषणाच्या पिशवीवर ज्वारीच्या दाण्याएवढ्या पांढऱ्या-पिवळ्या, न दुखणाऱ्या गाठी वर्षानुवर्षे तशाच राहतात. उतारवयात तिथेच काळपट लाल ठिपके उमटतात. खाजवताना एखाद्यातून रक्त आले की माणूस घाबरतो, पण बहुधा तेही निरुपद्रवी असतात.

ओळखायचे कसे? जे बऱ्याच काळापासून तसेच आहे, वाढत नाही, खाजत नाही, दुखत नाही, त्याची सहसा भीती नसते. तरी मन खात असेल तर एकदा डॉक्टरांना दाखवून घ्यावे. पण ते चिमट्याने उपटू नये, चुना लावून जाळू नये, घोड्याच्या केसाने बांधू नये. जिथे काही नव्हते तिथे त्यामुळे जखम मात्र होते.

घाम, केस आणि पायातला काटा

आपली कामे घामाची. दिवसभर नांगरट, भांगलण, किंवा भातलावणीसाठी गुडघाभर पाण्यात उभे राहणे. ओला लंगोट, घट्ट चड्डी आणि मांडीला मांडी घासणे. अशाने केसाच्या मुळाशी पुळी धरते. तीच मोठी होऊन पिकली की आपण तिला केसतूड म्हणतो. पात्याने केस अगदी मुळापासून काढले तर वाढणारा केस कातडीत वळतो आणि पुन्हा पुळ्या उठतात. यावर उपाय साधा आहे. केस काढायचेच तर कात्रीने आखूड करावेत. दुसऱ्याचे पाते कधी वापरू नये. केसतुडाला कोमट पाण्यात भिजवलेल्या स्वच्छ फडक्याने दिवसातून तीन-चार वेळा शेक द्यावा. नखाने पिळू नये, सुईने फोडू नये. मोठी असेल, फार दुखत असेल किंवा ताप आला तर दवाखाना गाठावा.

एखाद्याला केसतुडे वारंवार येत असतील, एक बसते तोच दुसरे उठते असे होत असेल, तर रक्तातील साखर तपासून घ्यावी. मधुमेहाची पहिली चाहूल पुष्कळदा अशीच लागते. बोंडावरची कातडी लाल होऊन चिरा पडणे, मागे सरकताना दुखणे, हेही मधुमेहात होते.

आणखी एक गोष्ट शेतकऱ्याला ठाऊक हवी. पायात काटा मोडला, टाचेची भेग चिघळली किंवा कोयत्याचा घाव पिकला की जांघेत दुखरी गाठ येते. जुनी माणसे 'अवधान आले' म्हणतात. ते बरोबर आहे. पायातले जंतू वर चढू नयेत म्हणून शरीराने तिथे चौकी बसवलेली असते. अशा वेळी जांघेला लेप लावून काही उपयोग नाही. पायाच्या जखमेवर उपचार झाला पाहिजे आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनचेही विचारले पाहिजे. खोकताना फुगणारी आणि आडवे झाल्यावर आत जाणारी गाठ ही मात्र वेगळी. तो हर्निया, म्हणजे अंतर्गळ. तो शस्त्रक्रियेच्या डॉक्टरांना दाखवावा.

नायटा आणि दुकानातली ट्यूब

जांघेत गोल, लालसर चट्टा, कडेने बारीक पुटकुळ्या आणि जीव नकोसा करणारी खाज, हा बहुतेक वेळा नायटा किंवा गजकर्ण. ही बुरशी आहे. पिकावर तांबेरा धरतो तशी ओलाव्याने कातडीवर धरते. ओले कपडे, एकच टॉवेल, एकच अंथरूण यांतून घरभर पसरते.

आता ती ट्यूब. दुकानातल्या पुष्कळ ट्यूबमध्ये बुरशीच्या औषधाबरोबर स्टिरॉइड नावाचे जोरदार औषध मिसळलेले असते. लावल्यावर दोन दिवसांत खाज थांबते, लाली उतरते. आपल्याला वाटते, काय गुणाची ट्यूब! प्रत्यक्षात स्टिरॉइडने फक्त कातडीची झुंज थांबवलेली असते. राखणदाराला झोपवले की चोराला रान मोकळे, तशी बुरशी खाली पसरत राहते. ट्यूब बंद केली की दुप्पट चट्टे उठतात. पुन्हा ट्यूब, पुन्हा चट्टे. काही महिन्यांत कातडी कागदासारखी पातळ होते आणि जांघेत लालसर-पांढरे पट्टे उमटतात. ते पट्टे जन्मभर जात नाहीत.

हे औषध हातावर लावणे आणि जांघेत लावणे यांतही मोठे अंतर आहे. १९६७ साली अमेरिकेतील संशोधकांनी हायड्रोकॉर्टिसोन हे स्टिरॉइड कुठल्या कातडीतून किती मुरते ते मोजले. हाताच्या पुढच्या भागापेक्षा वृषणाच्या कातडीतून ते ४२ पट मुरले. इतकी ती कातडी नाजूक आहे.

आपल्याकडे गेल्या काही वर्षांत नायट्याची एक चिवट जात पसरली आहे. शास्त्रज्ञांनी २०२० साली तिला 'ट्रायकोफायटन इंडोटिनी' असे नाव दिले. टर्बिनाफिन या नेहमीच्या गोळीला ती पुष्कळदा जुमानत नाही. स्टिरॉइडच्या मनमानी वापराने अशा बुरशीला खतपाणीच मिळते, असे कातडीच्या डॉक्टरांचे म्हणणे आहे. स्टिरॉइडची मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत म्हणून सरकारने २०१८ साली नियमही कडक केला. पण मागणारा मागतो आणि देणारा देतो, तिथे नियम काय करणार?

म्हणून नायट्याला डॉक्टरांची चिठ्ठी घ्यावी आणि औषध सांगितलेले सर्व आठवडे पुरे करावे. खाज थांबली म्हणून मध्येच सोडू नये. घरात आणखी कोणाला चट्टे असतील तर त्यांनाही त्याच वेळी उपचार द्यावा. कपडे कडक उन्हात वाळवावेत. आंघोळीनंतर जांघ कोरडी पुसून मगच कपडे घालावेत.

रात्रीची खाज

खाज दिवसा कमी आणि रात्री पांघरुणात शिरल्यावर जोरात असेल, बोटांच्या बेचक्यात, मनगटाला, बेंबीभोवती पुटकुळ्या असतील, लिंगावर किंवा वृषणावर टणक खाजऱ्या गाठी असतील आणि घरातली दुसरी माणसेही खाजवत असतील, तर ती खरूज समजावी. डोळ्यांना जेमतेम दिसेल न दिसेल असा किडा कातडीत बीळ करतो आणि अंडी घालतो. पहिल्यांदा लागण झाली तर खाज सुटायला चार ते सहा आठवडे लागतात. म्हणून 'कोणामुळे लागली' याचा शोध व्यर्थ असतो. एका अंथरुणात झोपल्याने, लहान मुलांना जवळ घेतल्यानेही ती लागते.

खरजेत एकच चूक सर्वत्र होते. ज्याला खाज त्यालाच औषध. खरे तर खाज असो वा नसो, घरातल्या प्रत्येकाने एकाच रात्री औषध लावले पाहिजे. नेहमी दिले जाते ते पाच टक्के परमेथ्रिनचे मलम. मानेपासून तळपायापर्यंत, बेचक्यांत, नखांच्या कडेला, जांघेत, कुठेही जागा न सोडता लावावे. रात्रभर ठेवून सकाळी आंघोळ करावी. आठ-दहा दिवसांनी डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे पुन्हा एकदा लावावे. तान्ही मुले आणि गरोदर बाया यांच्यासाठी आधी विचारून घ्यावे. कपडे, चादरी कढत पाण्यात धुवाव्यात. जे धुता येत नाही ते चार-पाच दिवस पिशवीत घट्ट बांधून ठेवावे. माणसाच्या अंगावाचून तो किडा दोन-तीन दिवसांपलीकडे सहसा जगत नाही. किडे मेल्यावरही खाज दोन-चार आठवडे रेंगाळते, तेव्हा औषध लागू पडले नाही असे समजून रोज मलम चोपडू नये.

हात जोडून एक सांगणे. गोचिडाचे औषध, शेतातले कीटकनाशक, रॉकेल हे अंगाला लावू नका. जनावरांना टोचतात ते आयव्हरमेक्टिन माणसाने घेऊ नये. माणसासाठी त्याच्या वेगळ्या गोळ्या असतात, आणि त्या डॉक्टर वजन पाहून देतात. वृषणाच्या कातडीबद्दल वर सांगितलेच. पॅराथिऑन या जुन्या कीटकनाशकाचीही अशीच मोजणी झाली होती. हातापेक्षा तिथून ते जवळजवळ बारा पट शरीरात गेले. म्हणून फवारणीचा पंप पाठीवर गळत असेल आणि चड्डी भिजली असेल, तर पाळी संपेपर्यंत थांबू नका. लगेच कपडे बदला आणि साबणाने अंग धुवा.

संबंधातून येणारी दुखणी

आता ज्याची धास्ती असते त्याकडे वळू. काही पुटकुळ्या शरीरसंबंधातून लागतात हे खरे आहे. त्यांतल्या चार ओळखून ठेवाव्यात.

मोत्यासारखे गुळगुळीत, मध्ये खळी असलेले दाणे एका विषाणूने येतात. मुलांमध्ये तेच अंगाला अंग लागून, टॉवेलातूनही येतात. बहुधा काही महिन्यांत आपोआप जातात. फुलकोबीच्या तुऱ्यासारखे मऊ कोंब म्हणजे चामखिळीच्या जातीचे. ते संबंधानंतर कित्येक आठवड्यांनी, महिन्यांनी, कधी त्याहूनही उशिरा दिसतात. डॉक्टर ते औषधाने किंवा गोठवून काढतात. आग होणारे, घोसाने उठणारे पाण्याचे फोड म्हणजे नागिणीच्या कुळातला एक विषाणू. तो पुन्हा पुन्हा उठू शकतो, पण लवकर गोळ्या सुरू केल्या तर त्रास कमी होतो.

चौथी सर्वांत फसवी, ती म्हणजे उपदंश किंवा गरमी. संबंधानंतर साधारण तीन आठवड्यांनी एक टणक फोड येऊन त्याची जखम होते आणि ती दुखत नाही. दुखत नाही म्हणून माणूस दुर्लक्ष करतो. काही आठवड्यांत जखम आपोआप भरते आणि माणूस सुटलो म्हणतो. सुटलेला नसतो. रोग रक्तात राहतो आणि पुढे काळीज, मेंदू यांना धरू शकतो. गरोदर बाईकडून तो पोटातल्या बाळाला जातो. मूल मेलेले जन्मते किंवा रोग घेऊन जन्मते. आणि गंमत अशी की रोग लवकर सापडला तर पेनिसिलिनच्या एका वेळच्या इंजेक्शनाने तो बरा होतो. १९४३ साली अमेरिकेत डॉ. जॉन महोनी यांनी चार रोग्यांवर पेनिसिलिनचा प्रयोग केला, तेव्हापासून आजतागायत तेच औषध चालते. म्हणून न दुखणारी जखम दिसली तर रक्त तपासून घ्यावे. गरोदर बाईची ही तपासणी तर चुकवूच नये. ज्यांना रोग निघेल त्यांच्या जोडीदाराचाही उपचार झाला पाहिजे, नाहीतर एक बरा होतो आणि दुसऱ्याकडून परत घेतो. उपचार पुरा होईपर्यंत संबंध टाळावा.

इथेच घरे मोडतात. पुटकुळी दिसली की नवरा बायकोवर संशय घेतो, सासू सुनेला बोल लावते. वर किती दुखणी पाहिली ती आठवा. केसतूड, नायटा, खरूज यांत कोणाचा दोष नाही. विषाणूची दुखणी महिनोन्महिने, कधी वर्षेही दडून राहतात. नुसत्या फोडावरून कोणाच्या वागण्याचा निकाल लावता येत नाही. दोघांनी मिळून डॉक्टरांकडे जावे. लहान मुलाला त्या जागी जखम किंवा कोंब दिसले तर त्याच्यावर रागावू नये. मायेने विचारावे, ते जे सांगेल ते ऐकावे आणि डॉक्टरांना दाखवावे.

आया-बहिणींसाठी

अंगावरून दह्याच्या कवड्यांसारखे पांढरे जाऊन खाज सुटते, ती बहुधा बुरशी. योनीच्या तोंडाशी एका बाजूला सुपारीएवढी सूज येऊन बसता येत नाही, ती ग्रंथी तुंबल्यामुळे. दोन्हींवर उपचार आहेत. पाळीची कापडे वापरत असाल तर ती कोनाड्यात, कपड्यांच्या आड दडवून वाळवू नका. साबणाने धुऊन उन्हात टाका.

चामखिळीच्या कोंबांच्या विषाणूचेच काही भाऊबंद गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर घडवतात. या विषाणूंना एचपीव्ही म्हणतात. उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात १९९९ पासून ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांचा मोठा अभ्यास झाला. २००९ साली त्याचे निष्कर्ष आले. ज्या गावांत ही एचपीव्हीची तपासणी एकदाच झाली, तिथे या कॅन्सरने होणारे मृत्यू तपासणी न झालेल्या गावांच्या मानाने जवळजवळ निम्मे झाले. आपल्याच शेतकरी बायांनी संकोच बाजूला ठेवून हे जगाला दाखवून दिले. तिशीनंतर ही तपासणी करून घ्यावी, आणि मुलींना ९ ते १४ वर्षांच्या वयात या विषाणूची लस द्यावी.

थांबायचे नाही अशी लक्षणे

पुढीलपैकी काही दिसले तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. ताप आणि झपाट्याने पसरणारी सूज, असह्य वेदना, कातडी काळी-जांभळी पडणे, लघवी अडणे, गरोदरपणात फोड किंवा जखम. मधुमेही माणसाने तर तासही दवडू नये, कारण तिथली कातडी सडण्याचा एक प्रकार जिवावर बेततो. अंतर्गळाची गाठ एकाएकी दुखू लागली आणि आत जाईनाशी झाली तरी हीच घाई करावी. तीन आठवड्यांत न भरलेली जखम, रक्त येणारी गाठ, मागे न सरकणाऱ्या कातडीखाली येणारी दुर्गंधी हीदेखील लवकर दाखवावीत. त्या जागेचा कॅन्सरही लवकर सापडला तर बरा होतो.

कुठे जायचे, काय सांगायचे

प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय, जिल्हा रुग्णालय यांपैकी जे सोयीचे असेल तिथे जावे. जिल्हा रुग्णालयात या दुखण्यांसाठी 'सुरक्षा क्लिनिक' असते. तिथे तपासणी आणि औषध मोफत मिळते. गावात कोणाला सांगायचे नसेल तर १०९७ या मोफत क्रमांकावर दूरध्वनी करून आधी विचारून घेता येते. एचआयव्हीची तपासणी तुमच्या संमतीशिवाय करता येत नाही आणि निकाल गुप्त ठेवणे बंधनकारक आहे, असा २०१७ सालचा कायदा आहे. बायांनी आशाताईंना विचारावे, सोबत न्यावे. तपासताना जवळ बाईमाणूस असावे असे म्हणण्याचा तुम्हाला हक्क आहे.

शब्द सुचत नसतील तर एवढेच म्हणा: "डॉक्टर, लघवीच्या जागी पुळी आली आहे, तपासून घ्यायची आहे." पुढचे डॉक्टर विचारतील. कधीपासून आहे, खाजते की दुखते, घरात आणखी कोणाला आहे का, आधी काय लावले, हे खरे सांगा. लावलेली ट्यूब बरोबर न्या. जाण्याआधी हळद, शेंदूर, मलम असे काही लावू नका, म्हणजे डॉक्टरांना मूळ दुखणे दिसेल.

दिवसभरात असे दहा रोगी तपासणाऱ्या डॉक्टरला त्यात नवल वाटत नाही. आणि गावातला जावईच डॉक्टर असला, तर तालुक्याला जाणारी एसटी आहेच. येत्या बाजाराच्या दिवशी भाजीची पाटी उतरवली की आधी दवाखान्यात जाऊन या, मग बाजारहाट करा.